जुनी ऑटोमॅटिक गाडी ओढत नसेल, तर दोष कोठे शोधावा

पिकअप गेल्याची तक्रार घेऊन जुनी ऑटोमॅटिक गाडी गॅरेजात गेली की पहिला संशय बहुधा गिअरबॉक्सवर येतो, आणि तो उतरवून खोलण्याचा खर्च ऐकूनच अनेक मालक गाडी विकायला काढतात. वास्तविक शक्ती इंजिनात तयारच होत नाही, की तयार झालेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. येथे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलच्या प्रवाहातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेला चार गिअरचा गिअरबॉक्स आणि पेट्रोल इंजिन गृहीत धरले आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर यंत्राने बदलणारा) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) यांची रचना निराळी असल्याने पुढील काही चाचण्या त्यांना लागू पडत नाहीत.

इंजिन पुरेसे गरम झाल्यावर, रहदारी नसलेल्या सौम्य चढावर ॲक्सिलरेटर अर्ध्याहून थोडा अधिक दाबावा आणि आरपीएमच्या काट्यावर लक्ष ठेवण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे. काटा झपाट्याने वर जातो, इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असे दिसल्यास गिअरबॉक्समधील क्लच घसरत आहेत असे समजावे. याउलट काटाच जड चालत असेल, तर दोष बहुधा इंजिनाकडे आहे. गाडी जागेवरून मंद निघते, पण एकदा वेग धरला की ठीक चालते, अशा वेळी मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. गिअर बदलल्याचा हलका धक्का मुळीच जाणवत नसेल आणि ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे सर्वात वरच्या गिअरचा, दिवा लुकलुकत असेल, तर संगणकाने दोष ओळखून गिअरबॉक्स एकाच, बहुधा तिसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवलेला असतो. धक्के नेहमीप्रमाणे जाणवत असूनही सुरुवात दुबळी असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या स्टेटरमधील (आतल्या ऑइलचा प्रवाह वळवणाऱ्या चक्रातील) एकदिशा क्लच, म्हणजे त्याला एकाच दिशेने फिरू देणारा भाग, निकामी झाल्याची शक्यता असते.

गिअरबॉक्सकडे बोट वळले, तरी पहिले काम ऑइल पाहण्याचे. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, गरम इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सर्व स्थानांतून फिरवून पुन्हा ‘पी’वर (पार्कवर) आणल्यावर डिपस्टिक तपासतात, काही कंपन्या मात्र इंजिन बंद करून लगेच पातळी पाहण्यास सांगतात, म्हणून गाडीची पुस्तिका उघडून पाहावी. या ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. तांबडा आणि पारदर्शक डाग चांगला. गडद तपकिरी डाग आणि करपल्याचा वास हे क्लच जळत असल्याचे लक्षण. इंजिन ऑइल जसे थोडे जळून कमी होते तसे हे होत नाही, त्यामुळे पातळी खाली असेल तर गळती शोधलीच पाहिजे, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराखेरीज दुसरे ऑइल भरू नये.

इंजिनाच्या बाजूला एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल ही स्वस्त कामे आधी उरकावीत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या, सायलेन्सरच्या मार्गातील भागात) जाऊन तो वितळवू शकते. तेव्हा गाडी जोरात चालवू नये. जुन्या गाड्यांत सर्वात जास्त नजरेतून सुटतो तो हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो चोंदला की गाडी जागेवरून बरी निघते, पण वेग वाढू लागला की गळा दाबल्यासारखी होते आणि घाटात ही तक्रार फारच ठळक होते. खात्रीसाठी इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज, म्हणजे आतली ओढ मोजणारा मापक, लावावे. निरोगी इंजिन आयडलवर साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते; मग आरपीएम २,५०० वर स्थिर धरल्यावर आकडा हळूहळू घसरत गेला, तर धूर बाहेर पडण्याचा मार्ग अडला आहे. पेट्रोल पंपाचा दाबही याच वेळी मोजून घ्यावा, कारण दुबळा पंप जोर लागतो तेव्हाच कमी पडतो.

ब्रेक धरून राहिले असतील, तरीही हीच तक्रार येते. थोडे अंतर चालवून आल्यावर एकच रिम इतरांपेक्षा फार गरम लागत असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) तपासावा.

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःच दोष ओळखून त्याचा कोड नोंदवण्याची व्यवस्था) बंधनकारक झाले, त्यामुळे त्यापुढच्या गाड्यांत हे कोड वाचणारा साधा स्कॅनरही उपयोगी पडतो. पी०३०१ हा पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर चुकीचे. पी०७०० एवढेच दिसले, तर गिअरबॉक्सच्या संगणकात आणखी कोड आहे एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि तो वाचू शकणारा स्कॅनर लागतो. कोड पुसण्यापूर्वी लिहून ठेवावेत.

एवढे करूनही संशय गिअरबॉक्सवरच राहिला, तर तो उतरवण्याआधी फक्त खालचा पॅन काढून दाखवण्याचा आग्रह धरावा. चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असणे ही नेहमीची झीज आहे. धातूचे चकचकीत तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे काळे कण दिसले, तरच खोलण्याचे अंदाजपत्रक मागवावे.