कम्फर्ट झोनमधून बाहेर पडायचंय? सातारकरांनो, अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करा

गड डोक्यावर उभा आहे, यवतेश्वरचा घाट दारात आहे, तरी आपल्यातले कित्येकजण वर्षानुवर्षं अजिंक्यताऱ्यावर पायी गेलेले नाहीत. पाहुणे आले की गाडीनं वर न्यायचं, फोटो काढायचे आणि खाली, झालं. वेळ नाही असं सगळेच म्हणतात पण खरी अडचण बऱ्याचदा वेगळीच असते, दम लागेल, ओळखीचं कुणीतरी बघेल, या वयात हे काय काढलंय म्हणेल. मला वाटतं आधी ही लाज मोडायला पाहिजे, चढ नंतर. आणि ते जमतं, फक्त बेतानं घ्यायचं. कसं ते सांगते.

१. एकच गोष्ट धरा, आणि ती आपल्या ओळखीच्या गोष्टीला लागून असू द्या

सोमवारपासून पाचला उठणार, साखर बंद, जिम लावणार, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास पण करणार, असं सगळं एकदम काढलं की गुरुवारपर्यंत सगळंच सुटतं. ललिता बाबर बघा, आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची. ती मॅरेथॉन पळायची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली, म्हणजे तिथंच थांबली असती तरी नाव होतंच. पण तिनं ३००० मीटर स्टीपलचेस घेतली, ज्यात पळता पळता २८ अडथळे आणि वर पाण्याच्या ७ उड्या असतात. २०१४ ला एशियन गेम्समध्ये ब्राँझ, २०१५ ला आशियाई ॲथलेटिक्स चॅम्पियनशिपमध्ये गोल्ड आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकची फायनल, दहावा नंबर. पळणं तिचंच होतं, नवीन काय तर अडथळे. तुम्ही रोज कॉलनीत चक्कर मारत असाल तर तुमचं पुढचं पाऊल चढ आहे, एकदम स्विमिंग नाही.

२. आत्ता कुठं आहात ते बघा

याला घड्याळ लागत नाही. चढताना सोबतच्या माणसाशी बोलत रहा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा स्पीड बरोबर. दोन शब्दांवर धाप लागली तर हळू व्हा, आरामात गाणं म्हणता येत असेल तर अजून वाव आहे. पहिल्या दिवशी गडाचा दरवाजा गाठायचाच असं काही नाही, चार भिंती स्मारकापर्यंत जाऊन आलात तरी चालतंय.

३. थोडं वाढवा, पण एका वेळी एकच

अंतर वाढवलं तर स्पीड तोच ठेवा. इथं बरेच लोक फसतात, कारण दम काही आठवड्यांत सुधारतो, आपल्याला वाटतं आता काय, पळू या, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि सांधे तयार व्हायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो, काही महिने. मग गुडघा धरतो, टाच दुखते आणि सगळं बंद पडतं. म्हणून दम पुरतोय एवढ्यावर जाऊ नका, गुडघ्यालाही विचारा.

आणि उतरण्याला हलकं समजू नका. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्यामुळं खरं दुखणं त्या दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी येतं, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे नॉर्मल आहे, घाबरून सोडू नका. छोटी पावलं टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. पावसाळ्यात शेवाळ असतं तेव्हा डांबरी रस्त्यानंच उतरा.

४. त्रास आणि धोका यातला फरक ओळखा

मांड्या भरून येणं, घाम, धाप हा त्रास, तो चालतो. छातीत दाब, चक्कर, हात किंवा जबड्याकडं जाणारी कळ, एकाच सांध्यात टोचणारं दुखणं, इथं लगेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. बीपी, शुगर, हार्टचं काही असेल तर सुरू करायच्या आधीच विचारून घ्या. अंधारात एकटं वर जाऊ नका. मधे सुट्टीचे दिवस ठेवाच, शरीर मजबूत होतं ते विश्रांतीतच.

५. हीच पद्धत मनाला लावा

मला स्वतःला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले, त्यात अवघड काम शिकताना मध्यम ताण असेल तर शिकणं चांगलं होतं आणि ताण फार वाढला की बिघडतं असं दिसलं. माणसाचा अनुभव पण काही वेगळा नाही. बचत गटाच्या मीटिंगमध्ये कधीच न बोलणाऱ्या बाईला एकदम भाषण करायला उभं केलं तर ती पुढच्या मीटिंगला येणारच नाही. तिनं आधी नुसती हजेरी वाचावी, मग महिन्याचा हिशोब, मग एखाद्या कर्जावर स्वतःचं मत. हात थरथरतात तेव्हा सुटा कागद धरू नका, तो जास्त हलतो आणि सगळं लक्ष तिकडंच जातं, वहीवर ठेवून वाचा. पहिलं वाक्य पाठ करून जा, बाकीचं येतं.

६. सोपं झालं की जागा बदला

अजिंक्यतारा बोलत बोलत चढता यायला लागला, उतरून दुसऱ्या दिवशी मांड्या दुखेनाशा झाल्या, की यवतेश्वरचा घाट घ्या, आधी चालत, मग थोडं पळत. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून जाते, २१ किलोमीटर. तिथं नाव घालायचं असेल तर किमान सहा महिने हातात ठेवा, आणि घरात आत्ताच सांगून टाका.