अभ्यासदौऱ्यात सभागृहापेक्षा कामाची जागा बघा

परदेशातल्या अभ्यासदौऱ्यात कंपनीचं सभागृह, तासाभराचं प्रेझेंटेशन आणि शेवटचा ग्रुप फोटो यातच निम्मा वेळ जातो. त्या स्लाइड्समधलं बरंचसं वार्षिक अहवालात असतं. तो निघण्याआधीच वाचून काढा आणि ज्याचं उत्तर त्यात सापडलं नाही असा एकच प्रश्न वहीत लिहून न्या.

तो शक्यतो प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारा. जपानी कारखान्यांत काम घडतं त्या जागेला 'गेम्बा' म्हणतात. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर काही चुकतंय असं वाटलं की कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, दिवा लागतो, टीम लीडर येतो. एवढं पाठ्यपुस्तकातही असतं. तिथे उभं राहून बघायचं ते वेगळंच: दोरी ओढताना माणूस बिचकतो का? आलेला लीडर आधी यंत्राकडे बघतो की माणसाकडे?

मोकळी संध्याकाळ खरेदीत गेली तरी हरकत नाही, डोळे तेवढे उघडे ठेवा. जर्मनीत एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट अनामतीची पावती मिळते. स्वतः टाकून बघा. मग परत न आलेल्या बाटल्यांची अनामत कुणाकडे राहते, हा प्रश्न आपोआप पडतो. (पेय बाजारात आणणाऱ्या कंपनीकडे!)

आणि टिपणं त्याच रात्री, कितीही दमलात तरी. तिसऱ्या दिवशी कुठला कारखाना कुठला, तेच आठवत नाही.