कुत्र्याची हगवण वारंवार उलटत असेल तर काय करावे

महिन्यातून एकदा कुत्र्याला हगवण लागते, मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या भाकरीच्या तुकड्यात गुंडाळून दिल्या की ती थांबते, आणि पंधरा-वीस दिवसांनी अंगणात पुन्हा तेच सुरू होते. हा क्रम ज्यांच्या घरी चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आमच्याकडे घर आणि शेत मिळून कधी तीन तर कधी पाच कुत्री असतात, आणि त्यांच्या निमित्ताने मिळालेले जवळजवळ सगळे चुकीचे सल्ले मी कधी ना कधी पाळून पाहिले आहेत. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली. औषधाने चालू असलेली हगवण थांबते, पण उलटणारी हगवण तिचे मूळ सापडून बंद झाल्याशिवाय थांबत नाही.

वाट पाहू नये अशी लक्षणे

लस न टोचलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण सुरू झाली तर तो बहुधा पार्वो हा विषाणूजन्य आजार असतो. अशा पिल्लाला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे, घरी काहीही करत बसू नये. मोठ्या कुत्र्याची विष्ठा डांबरासारखी काळी झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा पोटात पाणीही टिकेना, तरीही हाच नियम लागू होतो.

आपल्या विदर्भात आणखी एक प्रकार असतो आणि पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत तो सापडत नाही. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी चालू असताना हगवणीबरोबर तोंडातून लाळेची धार लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आणि अंगावरचे स्नायू थरथरू लागले, तर तो जंतुसंसर्ग नसून कीटकनाशकाची विषबाधा असण्याची दाट शक्यता असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकलेला फवारणीचा रिकामा डबा चाटणाऱ्या कुत्र्याची गत त्याहून वेगळी होत नाही. अशा वेळी त्या औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचा कागद सोबत घेऊन निघावे, कारण उपचार कोणते करायचे ते विष कोणते यावर ठरते.

पहिले दोन दिवस

कुत्रे हिंडत-फिरत असेल, शेपूट हलवत असेल आणि पाणी पीत असेल, तर फार काही करावे लागत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची एक पुडी विरघळवून ते पाणी थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच जागेवर बसली नाही, तर अंगातले पाणी कमी झाले आहे आणि सलाइनची गरज आहे असे समजावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना ही वेळ अर्ध्या दिवसातही येते. खायला मऊ शिजवलेला भात दोन वाटे आणि हाडे काढलेली उकडलेली कोंबडी एक वाटा, दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. त्यात मीठ, हळद, तिखट, कांदा, लसूण काहीही नको. मांस घरात चालत नसेल तर उकडलेले कोहळे (लाल भोपळा) भातात कालवून दोन दिवस निभावता येते. नेहमीच्या भाकरीवर एकदम येऊ नये, पाच-सहा दिवसांत हळूहळू यावे.

माणसांची हगवण थांबवणारी गोळी मात्र देऊ नये. संसर्ग असताना आतड्यांची हालचाल थांबवली की जे बाहेर पडायला हवे तेच आत कोंडले जाते.

जंतुनाशक गोळ्यांविषयी

या विषयावर माझे मत कडक आहे, कारण माझ्याच घरच्या काळू नावाच्या कुत्र्याला मी चार महिन्यांत सहा वेळा मेट्रोनिडॅझोल दिले आणि सहाही वेळा ते 'लागू पडले' अशी स्वतःची समजूत करून घेतली. कुत्र्याची साधी हगवण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच थांबते. तिसऱ्या दिवशी गोळी दिली आणि चौथ्या दिवशी विष्ठा घट्ट झाली, तर श्रेय गोळीला मिळते एवढेच. अलीकडच्या पशुवैद्यकीय अभ्यासांतून असेही दिसले आहे की या गोळीने आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंची घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसायला काही आठवडे लागू शकतात. म्हणजे पुढच्या हगवणीची तयारी आपणच करून ठेवतो. मात्रा जास्त झाली तर कुत्रे झिंगल्यासारखे चालते, तेही मी पाहिले आहे.

जंतुनाशके कधीच देऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. ताप असेल, रक्त पडत असेल, कुत्रे मलूल झाले असेल तर डॉक्टर ती देतील, आणि मग दिलेल्या सर्व दिवसांच्या सर्व गोळ्या संपवाव्यात. शेजाऱ्याच्या घरी उरलेल्या चार गोळ्या आपल्या कुत्र्याला घालणे हा उपचार नव्हे.

नमुना आणि जंत

हगवण दुसऱ्यांदा उलटली की विष्ठा तपासून घ्यावीच. सकाळची ताजी विष्ठा, आवळ्याएवढी, मातीला टेकलेला भाग सोडून, कोरड्या आणि रुंद तोंडाच्या झाकणाच्या डबीत घ्यावी. मातीत मोकळे राहणारे किडे नमुन्यात आले की तपासणाऱ्याची दिशाभूल होते. डबी थंड ठेवावी आणि काही तासांत पोहोचवावी. एक दिवसाआड असे तीन नमुने दिलेले उत्तम, कारण जिआर्डियासारखा परजीवी रोज बाहेर पडत नाही आणि एका नमुन्यात तो सहज सुटून जातो. गावच्या ढोर-दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसेल तर तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारावे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था हीसुद्धा आपल्याच भागात आहेत.

अहवाल हाती आल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवावी. क्लॉस्ट्रिडियम आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू धडधाकट कुत्र्यांच्या विष्ठेतही सापडतात. ते सापडले म्हणून दोष त्यांचाच असे ठरत नाही. कुत्र्याची अवस्था आणि अहवाल दोन्ही पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

जंतांचे औषध द्यायचे ते वजनावर द्यावे, अंदाजाने नव्हे. धान्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहावे आणि आलेल्या वजनातून आपले वजन वजा करावे. फेनबेंडॅझोल साधारणपणे किलोला ५० मिलिग्रॅम या हिशेबाने लागोपाठ तीन दिवस देतात. चाबूककृमी (आतड्यात राहणारा एक जंत) निघाल्यास औषध काही महिन्यांनी पुन्हा द्यावे लागते, नाहीतर उरलेल्या अंड्यांतून सगळे नव्याने सुरू होते.

मूळ शोधणे

खरे काम येथे आहे आणि माझी चूकही येथेच झाली होती. काळूची विष्ठा तपासली, जंतांचे औषध झाले, भात-कोंबडी झाली, आणि तरीही हगवण उलटतच राहिली. मी आधी पावसाला दोष दिला, मग दुधाला, मग गुरांच्या टाक्यातल्या पाण्याला. दूध बंद केले, टाके घासून काढले, काही फरक पडला नाही. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारले, "कोणत्या वारी होते?" मला सांगता येईना. त्या दिवशी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर मागच्या सगळ्या तारखा आठवून लाल पेनाने खुणा केल्या. मेडिकलच्या चिठ्ठ्या सापडल्या म्हणून तारखा पक्क्या झाल्या. सहापैकी पाच खुणा बुधवार-गुरुवारच्या रकान्यांत एकाखाली एक आल्या होत्या.

आमच्या गावाचा बाजार सोमवारी भरतो. बाजार उठला की कोंबडी विकणाऱ्यांची आतडी आणि पिसे नाल्याच्या काठावर पडतात, आणि कोंबडीच्या आतड्यांत कॅम्पिलोबॅक्टर व साल्मोनेला हे दोन्ही जिवाणू अनेकदा आढळतात. कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यापासून हगवण लागेपर्यंत साधारण दोन ते पाच दिवस जातात. त्या सोमवारी रात्री मी टॉर्च घेऊन काळूच्या मागे गेलो, तर तो थेट नाल्यावर जाऊन पोहोचला. त्याच्यासोबत गावातली आणखी सात-आठ कुत्री होती, आणि माझ्या हाकेला ओ देण्याच्या मनःस्थितीत तो मुळीच नव्हता.

म्हणून सांगतो, औषधाआधी कॅलेंडर धरावे. किमान सहा आठवडे रोज तीनच नोंदी कराव्यात: विष्ठा घट्ट, सैल की पाण्यासारखी, त्या दिवशी घरातून काय दिले, आणि कुत्रे मोकळे होते की बांधलेले. पाण्यासारख्या विष्ठेच्या नोंदीमागचे पाच दिवस दर वेळी तपासावेत. गावात पाहण्याजोग्या जागा फार नसतात. गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर, गाय-म्हैस व्याल्यावर पडलेला जार, उकिरडा, साचलेले डबके, कोंबड्यांचा खुराडा आणि पंगतीच्या पत्रावळी, एवढ्यांत बहुतेक वेळा उत्तर मिळते.

त्यानंतरचा भाग सगळ्यांत कठीण आहे, कारण तेथे कुत्र्याशी नव्हे तर माणसांशी गाठ पडते. ज्या जागेचा संशय आहे ती सलग तीन आठवडे पूर्णपणे बंद करावी लागते. अर्धवट बंद केल्याने काहीच सिद्ध होत नाही. आमच्याकडे कुत्रे बांधून ठेवणे म्हणजे त्याला शिक्षा करणे, असे घरातल्या मोठ्यांचे मत. मी काळूला सोमवारी दुपारी बांधायचो आणि आई संध्याकाळी त्याला सोडायची. शेजारच्या काकू कुंपणावरून रस्सा-भाकर टाकायच्या, त्यांना विनंती केली तर म्हणाल्या, "अवो भाऊ, मुकं जनावर हाय, थोडंसं देल्लं त काय होते?" त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. मी त्यांना रोज सकाळी कोरड्या भाकरीचा एक तुकडा नेऊन देऊ लागलो आणि काळूला द्यायचे असेल तर हेच द्या, असे सांगितले. देण्याचे समाधान त्यांना मिळाले आणि रस्सा बंद झाला. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो, हे मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिले होते. त्या सांगण्याने जे झाले नाही ते भाकरीच्या तुकड्याने झाले.

पाच खुणांचे कोडे असे सुटले. सहावी खूण शनिवारी होती आणि तिचा बाजाराशी काही संबंध लागेना. पुढे कोणीतरी आठवण करून दिली की त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत तेरवीचे जेवण झाले होते आणि उष्ट्या पत्रावळी दिवसभर रस्त्याकडेला पडून होत्या. सगळ्या खुणांचे कारण एकच असेल असे गृहीत धरू नये. मी तसे धरले होते आणि त्या एका शनिवारपायी बाजारावरचा संशय जवळजवळ सोडून दिला होता.

सोमवारी दुपारपासून मंगळवारी दुपारपर्यंत काळू आजही बांधलेला असतो. मंगळवारी सकाळी मी स्वतः नाल्यावर जाऊन पाहतो, कारण कधी कधी घाण आणखी एक दिवस पडून राहते, आणि तशी ती दिसली तर साखळी बुधवारी निघते.

अंगण आणि हात

विष्ठा रोज उचलून खोल पुरावी. शेणाने सारवलेल्या अंगणावर ब्लीचिंग पावडर टाकणे व्यर्थ आहे. शेणमातीत क्लोरीनचा जोर राहत नाही. ती फरशीवर आणि घासून घेतलेल्या भांड्यांवर वापरावी. कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला माणसांनाही होतात, त्यामुळे हात साबणाने धुवावेत आणि रांगती मुले त्या कोपऱ्यापासून दूर ठेवावीत.

इतके करूनही उलटत असेल तर

तीन आठवडे सगळे बंद ठेवूनही हगवण आली, किंवा कुत्रे भरपूर खाऊनही वाळत चालले, तर मूळ बाहेर नसून आत असू शकते. मग रक्ततपासणी, गोचीडतापाची तपासणी आणि अन्न बदलून पाहणे हे क्रमाने करावे लागते. काही कुत्र्यांना टायलोसिन नावाच्या औषधाने चांगला गुण येतो, पण ते बंद केल्यावर हगवण परतण्याची शक्यता असते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चालवावे. त्यांच्याकडे जाताना कॅलेंडरची खुणा केलेली पाने फाडून सोबत न्यावीत; मी नेली तेव्हा डॉक्टरांनी कुत्र्याकडे पाहण्याआधी ती टेबलावर पसरून पाहिली.