बेसाल्टची एक्सआरएफसाठी काचेची चकती

एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरण मारून दगडातली मूलद्रव्यं मोजायची पद्धत; त्यासाठी दगडाची पूड वितळवून काचेची चकती करतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पांढऱ्या झिओलाइटने (दगडात नंतर साचलेल्या खनिजाने) भरलेली पोकळी बऱ्याचदा असते. दगड फोडल्यावर ते तुकडे भिंगाखाली वेचून टाका. हे टाळलं तर पुढची सगळी मेहनत वाया. दळायला अकीकाचं भांडं घ्या. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट नमुन्यात उतरतात. पूड ७५ मायक्रॉनखाली हवी, बोटांत चोळली तर खरखर लागता कामा नये.

पूड ११० अंशांवर दोन तास वाळवा. मग वजन करून ९५० अंशांवर तासभर तापवा आणि वजनातली घट नोंदवा. ताज्या बेसाल्टमध्ये उलट वजन वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, फेरस लोहाने ऑक्सिजन घेतलेला असतो.

आता तापवलेली १ ग्रॅम पूड आणि ५ ग्रॅम लिथियम बोरेट (वितळल्यावर पूड विरघळवून घेणारा पदार्थ) प्लॅटिनम-सोन्याच्या मुशीत एकजीव करा, चिमूटभर लिथियम आयोडाइड घाला म्हणजे चकती मुशीला चिकटत नाही. सुमारे १०५० अंशांवर हलवत वितळवा, तापलेल्या साच्यात ओता. साचा गार असेल तर चकती तडकते. आत काळा ठिपका दिसला तर पूड पुरती विरघळलेली नाही, पुन्हा वितळवा. सल्फाइड असलेला नमुना मात्र आधी भाजल्याशिवाय मुशीत घालूच नका, प्लॅटिनमला भोक पडतं.

प्रत्येक खेपेत बीएचव्हीओ-२ या हवाईच्या प्रमाण बेसाल्टची (ज्यातल्या घटकांचं प्रमाण आधीच ठाऊक आहे) एक चकती पडताळणीसाठी ठेवा. सिलिका ४९.९ टक्क्यांच्या आसपास यायला हवी.