टँकरच्या पाण्याने केस राठ झालेत?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकर नाहीतर बोअरचं पाणी येतं. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर शाम्पूचा फेस होत नाही, केस राठ होतात, विंचरताना तुटतात. महागडा शाम्पू आणण्याआधी एवढं करून बघा.

१. न्हाण्याआधी तासभर खोबरेल लावा, पण केसांच्या लांबीला आणि टोकांना. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. टाळूवर थापायची गरज नाही; कोंडा असेल तर नकोच.

२. शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना.

३. पालिकेचं पाणी येतं तेव्हा एक बादली बाजूला भरून ठेवा. शेवटचे दोन-तीन तांबे तरी त्याचेच घ्या. खरा फरक इथेच पडतो.

४. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट गुंडाळा.

याने तुटणं कमी होतं, मुळापासून गळणं नाही. गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो मुळातून आलाय. असे केस महिनोन्महिने खूप गळत असतील किंवा भांग रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लोह कमी असणं किंवा थायरॉइड हेही कारण निघू शकतं.