जुनं अमेरिकन राजकीय कार्टून वाचायचं कसं

एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन कार्टून समोर आलं की आपण पटकन पुढे स्क्रोल करतो, कारण चित्रात मजकूर खच्चून भरलेला आणि माणसं कोण ते काही कळत नाही. एकच घेऊन बसूया. कार्टूनिस्ट थॉमस नॅस्टचं, हार्पर्स वीकली या साप्ताहिकात 19 ऑगस्ट 1871 ला आलेलं: पुरुष गोल करून उभे, जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय, आणि प्रश्न – लोकांचा पैसा चोरला कुणी?

आधी तारीख बघा. जुलै 1871 पासून न्यूयॉर्क टाइम्स शहराचे हिशोब छापत होता, कोर्टाच्या नव्या इमारतीची बिलं अव्वाच्या सव्वा लावलेली. हे माहीत नसेल तर चित्र म्हणजे नुसती फुगडी.

मग मजकूर झाकून फक्त माणसं बघा. डावीकडे पुढे जो ढेरपोट्या, शर्टावर हिरा मिरवणारा, तो ट्वीड, न्यूयॉर्क शहर मुठीत ठेवणाऱ्या टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा बॉस. हे पोट आणि हिरा एकदा डोक्यात बसले की काम सोपं होतं, कारण त्याच ऑक्टोबरातल्या एका चित्रात ट्वीडला चेहराच नाहीये, डोक्याच्या जागी पैशाची थैली, तरी कोण ते लगेच कळतं! आता झूम करून मागच्यांच्या टोप्या-कोटांवरची अक्षरं वाचा, ते कंत्राटदार आहेत, कुणी खुर्च्या पुरवणारा, कुणी प्लास्टरवाला.

पुढचा प्रश्न, काढणारा कुणाच्या बाजूचा? नॅस्ट रिपब्लिकन, आणि आयरिश कॅथलिकांबद्दल त्याच्या मनात भयंकर आकस. 30 सप्टेंबर 1871 चं ‘अमेरिकन रिव्हर गँजेस’ बघा म्हणजे कळेल, कॅथलिक बिशपांच्या टोप्यांचे जबडे झालेल्या मगरी शाळकरी पोरांवर चालून येतायत. वाद होता सरकारी शाळांचा, पण नाव आपल्या गंगेचं, कारण हिंदू आया लेकरं मगरींपुढे टाकतात असल्या मिशनरी कहाण्या तिकडे चवीने वाचल्या जायच्या. म्हणजे भ्रष्टाचाराशी झुंजणारा हिरो वगैरे ठीक आहे, पण त्याच हाताने हेही काढलंय.

ही चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापायचे, मोठ्या चित्राला अनेक ठोकळे जोडावे लागायचे, त्यामुळे कधीकधी सांध्याची बारीक पांढरी रेघ दिसते, तिला अर्थबिर्थ चिकटवू नका.

शेवटी पूर्ण पान शोधा, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मोठे स्कॅन मिळतात. ते बोटं दाखवणारं चित्र नेटवर बहुतेक वेळा एकटंच फिरतं, खरं तर तो पानाचा खालचा भाग आहे. वर अजून एक चित्र आहे, त्यात इंगरसॉल नावाच्या कंत्राटदाराला विचारलंय, तुमच्या ‘अँड कंपनी’त नेमकं आहे तरी कोण?