सील फेसवर लेझरने खळगे पाडायचे असतील तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले डाय हाऊसवाले, म्हणजे कापड रंगवणारे, सारखं विचारतात, गरम पाण्याच्या पंपाचं मेकॅनिकल सील लवकर जातंय, ते फेसवर लेझरने बारीक खळगे पाडलेलं सील करून बघू का? (मेकॅनिकल सील म्हणजे शाफ्टपाशी पाणी अडवणाऱ्या दोन रिंगा, एक फिरते, एक स्थिर; त्या जिथे एकमेकींना टेकतात तो फेस.) बघा की, पण आधी शाफ्टचा रनआउट (फिरताना किती डुलतो) आणि अलाइनमेंट (मोटर-पंप एका रेषेत आहेत का) तपासा, ते वाकडं असेल तर फेसवर काहीही कोरा, सील जाणारच. आणि 130 डिग्रीच्या एचटी (हाय टेंपरेचर) रंगाई मशीनवर फेसमधल्या पाण्याची वाफ होत असेल तर फ्लश (सीलवर सोडलेलं पाणी) थंड करा, खळगे तिथे काही करणार नाहीत.

असे खळगे निसर्गातही दिसतात. शेणकिडा एवढा शेणामातीत राहतो तरी अंगाला काही चिकटत नाही, कारण त्याचं कवच गुळगुळीत नसतं, बारीक खळगे-उंचवटे असतात. सीलमधे काम थोडं वेगळं होतं, फेस फिरताना खळग्यातल्या पाण्यात प्रेशर तयार होऊन दोन्ही फेस किंचित उचलले जातात, मग घासणं कमी. इस्रायलच्या टेक्निऑन या तंत्रविद्यापीठात एत्सिऑन या संशोधकांनी 1990 च्या दशकात लेझरने हे करून दाखवलं. शार्कच्या कातडीच्या रेषांचं लोक फार कौतुक करतात, पण ते खळाळत्या पाण्यासाठी, इथे दोन फेसमधला पाण्याचा थर (फिल्म) मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात असतो.

खळगे फक्त सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगवर, समोरची कार्बनची रिंग गुळगुळीतच ठेवायची. साधारण 100 मायक्रॉन व्यास, 5 ते 10 मायक्रॉन खोली, एकूण जागेच्या 20 टक्के, म्हणजे दोन खळग्यांच्या मध्यांमधे 200 मायक्रॉन धरा. पूर्ण फेस भरू नका!! पाण्याचं प्रेशर बाहेरून असेल तर खळगे बाहेरच्या कडेपासून आत घ्या आणि आतली पट्टी कोरी सोडा, गळती तीच अडवते.

भांड्यावर नाव टाकणाऱ्या फायबर लेझरवर पण जमू शकतं, पण आधी भंगार रिंगवर मारून खोली मोजून घ्या. लेझरने खळग्याच्या कडेला उंच काठ येतो, तो डायमंड पेस्टने हलकं लॅपिंग करून (सपाट प्लेटवर घासून) काढायचाच, नाहीतर कार्बन खरवडून निघेल. मग ऑप्टिकल फ्लॅटवर (सपाटपणा तपासायची अगदी सपाट काच) दोन-तीन लाइट बँडच्या (काचेखाली दिसणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या) आत सपाटपणा बघा, एक बँड म्हणजे 0.29 मायक्रॉन.

फरक अँपिअरवर शोधत बसू नका, मोटरच्या मानाने सीलचा लोड किरकोळ असतो. ग्लँडचं (सीलच्या बाहेरच्या कव्हरचं) टेंपरेचर आणि गळतीचे थेंब जुन्या सीलच्या शेजारी लिहून ठेवा. साखर कारखान्याच्या मळीच्या पंपाला मात्र हे करू नका, खळगे साखरेच्या खड्यांनी भरून जातात, तिथे डबल सील आणि बॅरियर फ्लुइडच (दोन सीलच्या मधे भरलेलं स्वच्छ द्रव) बरं.